सॅन स्टॉर्म जळगावात: तीन ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी सॅन मोटर्सची स्टॉर्म. दोन दारं, दोन सीट, कापडी छत, फायबरची बॉडी. 1998 मध्ये आलेली ही भारतीय स्पोर्ट्स कार फार थोडी बनली, त्यामुळे इकडे कुणी तिला ओळखत नाही. पेट्रोल पंपावर हमखास विचारणा होते, "भाऊ, हाई गाडी कथाइन आनी?" (ही गाडी कुठून आणली?) मी सेकंडहँड घेतली. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी तिच्यासोबत काढली.

इंजिन रेनोचं, 1149 सीसी, 60 हॉर्सपॉवर. आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी शेजारी बसवतो आणि पालच्या रस्त्याला नेतो. रावेर मागे पडून सातपुडा लागला की वळणं येतात. बसायची जागा इतकी खाली की डांबर अगदी हाताशी वाटतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्यायचं आणि बाहेर पडताना पाय दाबायचा, गाडी लगेच ऐकते. काट्यावर 60 असतात, अंगाला त्याहून बरेच जास्त वाटतात. संध्याकाळी छत उघडून केळीच्या बागांमधून गेलं की हवा एकदम गार होते, पाणी दिलेल्या मातीचा वास येतो. बंद गाडीतून इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेलो, हे कधी कळलंच नव्हतं.

घेणाऱ्याने इंजिनाआधी बॉडी बघावी. फायबर गंजत नाही, पण त्याखालचं लोखंड गंजतं, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघाच. बॉडी जिथे बोल्टने बसते तिथे केसाएवढ्या तडा असतात. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, आपल्या उन्हाने पांढुरका पडतो, बोट फिरवलं की भुकटी लागते. डेंटिंगवाले या कामाला हात लावत नाहीत, कारण ठोकून सरळ करण्यासारखं त्यात काही नाही. माझं काम केलं ते फायबरच्या कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्या कारागिराने. तड घासून रुंद केली, आतून फायबरची मॅट आणि रेझिनचे थर दिले, वरून जेलकोट, शेवटी वॉटर पेपरने घासून गुळगुळीत केलं. मे महिन्यात तो सकाळीच काम उरकायचा. दुपारच्या उष्णतेत रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून ते घट्ट करणारा हार्डनरही कमी घालायचा. कूलरची इतकी कामं होणाऱ्या आपल्या भागात ही गाडी सांभाळणं सोपं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मे महिन्यात 45 अंशांत छत उघडायचा विचारही नको. सकाळी आठच्या आत फिरून यावं. हायवे 53 वर रात्री मी ती काढत नाही. कापसाच्या ट्रकच्या चालकाला एवढी बुटकी गाडी शेजारी आहे हे दिसतच नाही. गावातले गतिरोधक तिरकेच घ्यायचे.

कागदपत्रांचं थोडक्यात: 15 वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवावी लागते, वर जुन्या गाडीवरचा हरित कर. सर्वसमावेशक विमा मिळाला तर एक गोष्ट वाचून घ्या: फायबरच्या भागांवर दाव्यात 30 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापतात. इथे तर सगळी बॉडीच फायबरची. म्हणून किंमत ठरवताना अंगावर पडू शकणारा हा खर्च धरा.

दारांचं रबर वयामुळे कडक झालं होतं. नमुना कापून नेला, स्पेअर पार्टच्या दुकानात त्याच मापाचं बीडिंग मिळालं. पावसाळ्यात सीट कोरड्या राहिल्या.

आता छताचा नंबर. ट्रॅक्टरचे हूड शिवणाऱ्याकडे जुनं छत उसवून माप दिलंय. रेक्झिन स्वस्त पडतं, पण उन्हात लवकर तडकतं, म्हणून जाड कॅनव्हास सांगितलाय. होळीच्या आत बसवून देतो म्हणाला.