वडोदऱ्याच्या डांडिया बाजारातलं रॅमचं दुकान, भाव वाढला म्हणून एक स्टार देणाऱ्यांनी जरूर वाचा

पाच स्टार देतेय आणि जरा लांबच लिहिणार आहे, कारण "लुटतात", "मागच्या वर्षीच्या तिप्पट भाव" असं लिहून लोकांनी या दुकानाच्या काकांना एकेक स्टार दिलाय ते वाचून खरंच वाईट वाटलं.

मी घरून अकाउंट्सची कामं करते, रावपुऱ्यातल्या सात-आठ दुकानांचं टॅली आणि जीएसटी माझ्याकडे असतं. १७ तारखेला रात्री लॅपटॉप चालू केला तर स्क्रीन काळी, नुसते बीप येतायत, आणि २० ला रिटर्न भरायचं. आधी एका मोठ्या दुकानात गेले, तिथल्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं मदरबोर्ड गेला, १४ हजार होतील. मग जाऊबाईंनी या काकांकडे पाठवलं.

काकांनी माझ्यासमोरच लॅपटॉप उघडला आणि रॅमच्या, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या. या पट्टीच्या एका कडेला सोनेरी दात असतात, ते काळपट पडले होते. खणातून शाळेतलं साधं खोडरबर काढून त्यांनी ते दात हलक्या हाताने घासले, ब्रशने भुगा झटकला, परत लावलं. बीप तरी आलेच. मग एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली तर ८ जीबीची एक गेलेली निघाली, दुसरी ठणठणीत. म्हणाले, "ताई, एका पट्टीवर हळू चालेल पण तुमचं रिटर्न भरून होईल. नवीन घ्यायची तर आधी भाव ऐका." भाव ४,६००. मागच्या उन्हाळ्यात भाच्याला हीच पट्टी मी १,६०० ला घेऊन दिलेली, त्यामुळे मीही चिडलेच. त्यांनी काही न बोलता होलसेलवाल्याचं बिल पुढे ठेवलं, जीएसटी धरून ४,३५०. म्हणजे त्यांना सुटतात अडीचशे, त्यात दुकानाचं भाडं आणि वर वॉरंटीची डोकेदुखी.

मग पैसे जातात कुठे हे बघायला मी घरी येऊन वाचत बसले, हिशोबाची सवय ना. रॅमच्या चिप्स जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. पूर्वी बऱ्याच होत्या. इंटेल १९८५ मध्येच या मेमरीतून बाहेर पडली, जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये, आणि तिला पुढे मायक्रॉननेच विकत घेतलं. भाव पडले की खर्च निघत नाही आणि मशिनरी तर बदलत राहावीच लागते, नाहीतर पुढचा माल बनवताच येत नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर हा सगळा घसाऱ्याचा, म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी हिशोबातून कमी करत जाण्याचा, खेळ आहे. आपल्याकडे पिठाची चक्की घेतली तर वर्षानुवर्षं चालते. चिपच्या कारखान्यातली, म्हणजे फॅबमधली मशिनरी साधारण ५ वर्षांत पुस्तकातून उतरवतात, आणि मशीन चालो की बंद राहो घसारा लागतोच, म्हणून फॅब रात्रंदिवस चालवावी लागते, सणवारालाही बंद नाही. चिपवर सगळ्यात बारीक नक्षी छापणारं ईयूव्ही मशीन जगात एकटी एएसएमएल बनवते, नेदरलँड्सची, त्याचं नवीन मॉडेल ३५ कोटी युरोच्या घरात जातं. एका मशीनचे आपले साडेतीन हजार कोटी झाले! त्यात वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेझर मारून हवा तो प्रकाश काढतात. ग्लोबलफाउंड्रीजसारख्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनेही २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरच्या, म्हणजे फार बारीक नक्षीच्या, चिप्सचा नाद सोडला.

गुजरातचंच बघा ना. धोलेऱ्याला टाटा तैवानच्या पीएसएमसीला बरोबर घेऊन फॅब उभी करतेय ती ९१,००० कोटींची, आणि तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याच्या आधीच्या पद्धतीच्या चिप्स बनणार, रॅम नाही. साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प २२,५१६ कोटींचा, आणि तो फक्त बाहेरून आलेली चिप जोडून, तपासून, पॅक करण्याचा आहे. मग नवीन कोणी रॅम बनवायला सहजासहजी का उतरत नाही ते कळतं. पैसे आले तरी बांधायलाच दोन-तीन वर्षं जातात.

त्यात एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी एचबीएम मेमरी बनवण्याकडे या तिघांनी कारखाने वळवले, तिथे पैसा जास्त आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपल्यासारख्यांना विकायचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. याचा राग डांडिया बाजारातल्या गल्लीत बसलेल्या माणसावर काढायचा हे मला पटत नाही.

मी नवीन घेतली नाही. काकांनीच सुचवलं की ऑफिसातून निघालेल्या लॅपटॉपमधली वापरलेली पट्टी आहे, २,२००, सहा महिन्यांची वॉरंटी. लॅपटॉप रात्रभर ठेवून मेमरी टेस्ट लावली, सकाळी एकही एरर नसलेली स्क्रीन मला दाखवली आणि मगच पैसे घेतले. बिलावर पट्टीचा सिरीयल नंबर हाताने लिहून दिला, तो नक्की मागा, हल्ली डुप्लिकेट माल खूप फिरतोय. १९ ला दुपारी शेवटचं रिटर्न भरून झालं.

दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं. गल्लीत फोरव्हीलर शिरत नाही, ॲक्टिव्हा घेऊन जा, आणि डेटाचा बॅकअप घरूनच घेऊन जा.