कर्जफेडीचा प्लॅन १७ महिने चालवल्यावर: फोन थांबतात का?

आधी उत्तर देऊन टाकतो. हा प्लॅन घेताना मला एवढंच जाणून घ्यायचं होतं आणि सरळ कुणी सांगत नव्हतं. नाही, वसुलीचे फोन थांबत नाहीत. पहिले चार महिने तर वाढले. कर्जफेडीचा सल्ला देणाऱ्या काउन्सेलरला फी दिली, कागदावर सही केली की दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता, असं ज्यांना वाटतंय त्यांनी ती आशा सोडून पुढे वाचावं.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. दवा बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. दुसऱ्याचा ताळेबंद जुळवून देणारा माणूस स्वतः कसा फसला, तर नेहमीसारखाच: आईचं ऑपरेशन, मग एका कार्डाचं मिनिमम भरायला दुसरं कार्ड, आणि दुसऱ्याचं भरायला मोबाइलवरचं ॲप. जून २०२४ मध्ये एकूण देणं ६,४०,००० रुपये होतं. पर्सनल लोन २,४०,०००, पहिलं कार्ड २,१०,०००, दुसरं १,३०,०००, ॲपचे ६०,०००. नावं कुणाचीच लिहीत नाही.

आधी एका सेटलमेंटवाल्याकडे गेलो होतो. एसी ऑफिस, काचेचा दरवाजा. तो म्हणाला, सहा महिने कुणालाच काही भरू नका, ते पैसे आमच्याकडे साठवा, मग बँका निम्म्यात सुटतील. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि सहा महिने फोन कोण घेणार? तो की तुम्ही?" तिथेच तो विषय संपला. शिवाय निम्म्यात सुटलेलं खातं क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलेलं) म्हणून राहतं, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) होत नाही. हा फरक त्या काचेच्या दरवाजाआड कुणी सांगितला नाही.

प्लॅन वेगळा असतो. मुद्दल पूर्ण फेडायचं, फक्त हप्ते झेपतील एवढे करून घ्यायचे आणि व्याज जमेल तितकं कमी करून मागायचं. काउन्सेलरबाईंनी घराचा खर्च ओळ न् ओळ लिहून घेतला, अगदी आईच्या गोळ्या आणि गणपतीची वर्गणीसुद्धा. १६,००० उरत होते. ते सगळ्यांत देण्याच्या प्रमाणात वाटले, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या रकमेच्या अडीच टक्के: लोनला ६,०००, पहिल्या कार्डाला ५,२५०, दुसऱ्याला ३,२५०, ॲपला १,५००. हा तक्ता, खर्चाचा कागद आणि पगाराची स्लिप चौघांना ईमेलने गेली. पैसे मात्र दर महिन्याच्या ७ तारखेला माझ्या खात्यातून थेट त्यांच्या खात्यात, काउन्सेलरच्या हातात फक्त तिची महिना ७५० फी. मला याच अटीवर घ्यायचं होतं.

या तक्त्यासाठीच पैसे मोजावेत असं माझं मत झालंय. तोवर आमच्या घरी 'बळी तो कान पिळी' चालू होतं. जो जास्त ओरडेल त्याला त्या दिवशी दोन हजार जायचे, आणि सभ्यपणे पत्र पाठवणारी बँक मागे राहायची. पर्सनल लोनवाल्यांनी कधी आवाज चढवला नाही, म्हणून त्यांचेच दोन हप्ते चुकलेले! तक्ता आल्यावर ओरडण्याचा भाव शून्य झाला. कोण किती ओरडतोय याचा ७ तारखेला त्याच्या खात्यात किती जाणार याच्याशी संबंध उरला नाही.

मात्र हे समोरच्याला पटवायला वेळ लागतो. आपल्याकडे असा प्लॅन मान्य करायची बँकेवर सक्ती नाही. माझ्या चौघांपैकी दोघांनी पहिल्या दोन महिन्यांत होकार दिला. पहिल्या कार्डाने व्याज गोठवलं, लोनवाल्यांनी १५ टक्के व्याज तसंच ठेवून मुदत वाढवली. रिपोर्टवर त्याची 'रीस्ट्रक्चर्ड' अशी नोंद आली, ती यायचीच. दुसरं कार्ड गप्प बसलं, आणि ॲपने एका ओळीत नाही म्हटलं.

गप्प बसलेलं कार्ड जास्त महागात पडलं. त्याचं व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,३०,००० वर ४,५५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१९. मी इमानदारीने ३,२५० भरत होतो आणि देणं दरमहा दोन हजारांनी वाढत होतं. वर लेट फी. चार महिन्यांत ते १,४३,००० च्या घरात गेलं. प्लॅन घेणाऱ्याने हे गणित पहिल्याच दिवशी प्रत्येक कार्डासाठी करावं. माझ्या काउन्सेलरबाईंनी केलं नव्हतं, म्हणून त्यांचे गुण मी इथेच कापतो.

आता फोन. मुलीच्या शाळेची एक अर्धी कोरी वही होती, मागून सुरुवात केली: तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव, काय म्हणाला. फोनवर मी एकच वाक्य बोलायचो: "रक्कम कबूल आहे, ७ तारखेला इतके येतील, याहून जास्त नाही जमणार, बाकी ईमेलवर लिहा." इतक्या वेळा बोललो की मुलगी जेवताना आईला ऐकवायची, "पोळ्या दोन येतील, याहून जास्त नाही जमणार, बाकी ईमेलवर लिहा." भांडायचं नाही, समजावून सांगायचं नाही, आईच्या ऑपरेशनची कहाणी तर मुळीच नाही. फोन करणारं पोरगं दिवसभर कहाण्याच ऐकत असतं. आणि "उद्या बघतो" म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो होतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून अकरा फोन, कारण त्यांच्याकडे ती तारीख आश्वासन म्हणून चढली.

वही कामाला आली ती दुसऱ्या कार्डाच्या बाबतीत. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हा नियम आला: थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी नाही, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास नाही. माझ्या वहीत ७.४० चे, ७.५५ चे मिळून नऊ फोन होते आणि दोन तर शेठच्या लँडलाइनवर. ते सगळं तारखांसकट बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. तीस दिवस उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, त्याला पैसे लागत नाहीत. लोकपाल काही हप्ता कमी करायला लावत नाही, तो बँकेचा स्वतःचा धंद्याचा निर्णय असतो. माझी तक्रार वेळेबाहेरच्या फोनची होती. पण तीन आठवड्यांत बँकेतून प्रथमच नाव सांगून बोलणारा माणूस आला आणि १,४३,००० चे ३,७७० प्रमाणे ४८ हप्ते करून मिळाले.

ओघात एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं बायकांच्या गटातलं मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे. त्यांना वेळ वेगळी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्यांच्या दारात रात्री आठला माणूस यायचा. हे सांगितल्यावर त्यांनी त्याला काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

पहिल्या कार्डाचा होकार यायच्या आधी एका रविवारी सकाळी साडेनऊला त्यांचा माणूस घरी आला. वेळ नियमात होती. मी दारातच ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं. ओळखपत्र गळ्यात होतं, पत्र व्हॉट्सॲपवर. दोन्हींचा फोटो काढला. "सर, महीने का आख़िरी है, तीन हज़ार कैश ही दे दो, रसीद कल भिजवा दूँगा." रोख एक रुपया नाही, ही माझी अट पहिल्यापासून. जे जाईल ते कर्जाच्या खात्यातच. तो दारात उभा, मी दारात उभा. एवढ्यात आईने आतून विचारलं, "कोण आलंय रे?" मी म्हटलं, बँकेतले आहेत. पुढच्या मिनिटाला शेव-जिरावन घातलेले पोहे बाहेर आले, त्याच्या हातात बशी! मला क्षणभर रागच आला. तो देवासहून सात वाजता बाइकवर निघालेला, सकाळपासून आठ दारं झालेली. खाल्लं, पाणी प्यायला, माझा तक्ता मोबाइलमध्ये घेतला आणि गेला. पुन्हा आला नाही. पोह्यांमुळे की तक्त्यामुळे, देव जाणे.

ॲपवाल्यांशी असलं काही शक्य नव्हतं. त्यांनी ग्वाल्हेरच्या माझ्या मेहुण्याला मेसेज केला की मी फरार आहे. डिजिटल कर्जाचे रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर २०२२ पासून आहेत, ॲपने फोनमधली नंबरांची यादी घ्यायचीच नाही. मेहुण्याकडून स्क्रीनशॉट मागवून तक्रार केली, मेसेज बंद झाले, फोन चालूच. मग 'अटक वॉरंट' म्हणून एक पीडीएफ आली, वर तराजूचं चित्र, खाली व्याकरणाच्या चुका. पैसे न देता येणं हा स्वतःहून फौजदारी गुन्हा नव्हे. पण चेक परत गेला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ आहे. म्हणून खोट्या पीडीएफला हसावं, पण कोर्टाचं खरं समन्स आलं तर हजर राहावं. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नये, ते तडजोडीचं बोलावणं असतं.

ॲपचं २०२४ च्या दिवाळीत संपवलं. बोनसचे २८,००० आणि जुनी ॲक्टिव्हा विकून आलेले ३१,०००. दंड माफ करून मुद्दल आणि व्याज मिळून ५८,२०० एकरकमी. म्हणजे अखेर सगळ्यात जास्त ओरडणाऱ्यालाच आधी दिलं की, असं कुणी म्हणेल. म्हणा. फरक इतकाच की त्याला तक्त्यातले १,५०० चार महिने गेले, आणि तक्त्याबाहेरचा पैसा हातात आला तेव्हाच तो सुटला, दुसऱ्या कुणाचा हप्ता तोडून नाही. तेव्हापासून मी सिटी बसने जातो.

आता माझी चूक. खर्च लिहून देताना बीसी, म्हणजे भिशी, लपवली. वीस जणांची, महिना दोन हजार, माझा नंबर लागून चाळीस हजार उचलूनही झालेले. बाईंना काय सांगायचं, ते काही कर्ज आहे का, असं मनाला समजावलं. तिसऱ्या महिन्यात दोन हजार बीसीला दिले आणि लोनचा हप्ता परत गेला. माझ्या बँकेने त्याचे ५९० कापले, लोनवाल्यांनी वेगळे. ज्यांनी नुकताच होकार दिला होता, त्यांच्याचकडे तोंड काळं. बायकोने दोन शिकवण्या वाढवल्या तेव्हा भोक बुजलं. बँकेला टाळता येतं, बीसीतला माणूस संध्याकाळी किराण्याच्या दुकानात भेटतो. ज्याची लाज वाटते तेच देणं कागदावर आधी लिहा.

आणि पगाराचं खातं ज्या बँकेत देणं आहे तिथे ठेवू नका. आपल्याच खात्यातून परस्पर वळती करून घ्यायचा हक्क त्यांच्या करारात बहुधा असतो. मी पहिल्याच आठवड्यात खातं बदललं. हे मात्र बाईंनीच सुचवलं, त्यांचे कापलेले गुण अर्धे परत.

शेजारी एक काका आहेत, हुकुमचंद मिलमधले. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांची थकबाकी वाटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. एकदा माझा फोनवरचा तोच तो संवाद ऐकून ते म्हणाले, "आम्हीपण घेणेकरीच होतो की रे. बत्तीस वर्षं. आमच्याकडे ना फोन करायला पोरं, ना दारात पाठवायला." मग थोडं थांबून, "सातला देतोस ना? मग सातलाच दे." त्या दिवसापासून फोन करणाऱ्या पोरांशी माझा सूर जरा उतरला हे खरं.

आजचा हिशेब. पहिलं कार्ड १,२०,७५०, दुसरं १,१३,००० च्या आसपास, लोन १,८४,००० च्या आसपास. ६,४०,००० चे ४,१८,००० झाले. क्रेडिट स्कोअर आधी गडगडला, आता मुंगीच्या पावलाने वर येतोय. फोन आठवड्यातून एखादा, तोही "सर, सात तारीख ना?" विचारायला. पाचपैकी साडेतीन गुण देईन. एक गुण कार्डाच्या व्याजाच्या गणितासाठी कापला, अर्धा यासाठी की तक्रारी शेवटी मीच लिहिल्या.

ॲपचं प्रकरण मात्र पुन्हा उघडलंय. ऑक्टोबरमध्ये वर्षातून एकदा मिळणारा फुकट क्रेडिट रिपोर्ट काढला, तर पूर्ण फेडलेलं ते खातं 'सेटल्ड' दाखवतंय. नो-ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. तीस दिवसांत दुरुस्त नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ॲपवाल्यांनी किंवा रिपोर्टवाल्यांनी, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने, मला द्यायचे असा नियम आहे. येत्या मंगळवारी तीस दिवस होतात. वहीचं नवीन पान काढून ठेवलंय, या वेळी घेणेकरी मी.