एनपीटेलचा १२ आठवड्यांचा संख्याशास्त्र अभ्यासक्रम : एक परीक्षण

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील एनपीटेलचा (आयआयटी आणि आयआयएससी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचा) संख्याशास्त्राचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून कोथरूडमधील घरूनच पूर्ण केला. नोंदणी विनामूल्य होती. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र १००० रुपये भरले, जे पुण्यातील खासगी शिकवण्यांपुढे नगण्यच म्हणायचे. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. १२ पैकी सर्वोत्तम ८ स्वाध्यायच धरले जात असल्यामुळे गणपतीच्या दिवसांत मागे पडूनही मी तरले. व्याख्याने संथ असली, तरी एखादी सिद्धता चार वेळा मागे नेऊन ऐकण्याची सोय कोणत्या वर्गात मिळते? प्रश्न बहुतांशी बहुपर्यायी असल्याने सिद्धता स्वतः लिहिण्याचा सराव होत नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) ‘स्वयम’वरील अभ्यासक्रमांतून मिळवता येतात, तथापि माझ्या मैत्रिणीच्या महाविद्यालयाने ते ऐनवेळी नाकारले, म्हणून विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांची लेखी संमती नोंदणीपूर्वीच घ्यावी.