'सीलपॅक' हार्ड डिस्कचे 11,950 रुपये गेले

मी कॉम्प्युटरमधला अडाणी नाही, हे आधी सांगतो. जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स चालतं, म्हणजे एकाच पीसीत अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. एका व्हर्च्युअल मशीनमध्ये पीएफसेन्स हा फायरवॉल, दुसऱ्यात जाहिराती अडवणारं पाय-होल, कॅमेऱ्यांना व्हीलॅन म्हणजे वेगळं नेटवर्क. बाहेरचं कुणी आत घुसू नये म्हणून कितीतरी रात्री जागून काढल्यात. चोर मात्र कुरिअरनं आला आणि दार मीच उघडलं.

फोटोंसाठी 4 टीबीच्या दोन डिस्क हव्या होत्या. दुकानात एकीचे 9,400 सांगितले. जाहिरातीत 5,800. 'ऑफिस बंद केलं, सीलपॅक माल पडून आहे.' दोन्हीचे 11,600, वर कुरिअरचे 350. यूपीआयनं आगाऊ भरले. बिल मागितलं तर विकणारा म्हणाला, 'सर, बिल पाठवतो की.' ते आजतागायत आलं नाही. बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

पाकीट उघडलं तेव्हा बायको शेजारीच होती. सॅटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या जागेतल्या सोनेरी पिनांवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, नवीन आहे ना? मग ह्या रेघा कसल्या?" प्रत्येक पिनेवर बारीक उभा ओरखडा होता, केबल शेकडो वेळा घालून काढल्यासारखा. मी म्हणालो, "कंपनीत टेस्ट करतात गं." हे वाक्य अजून कानात वाजतं. तिला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा रिपोर्ट काढला, त्यात 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क किती तास चालली) फक्त 2. हा आकडा फर्मवेअरच्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) टूलनं पुसता येतो, हे मला माहीत होतं. पण त्याच रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला सीरियल नंबर छापलेला असतो, तो डिस्कच्या स्टिकरशी ताडून बघितला असता तर तिथेच खेळ संपला असता. तुम्ही बघा. आणि लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कची स्वतःचीच सगळा पृष्ठभाग तपासणारी चाचणी, पूर्ण होईपर्यंत डिस्कवर एक फाइलसुद्धा टाकू नका, दहा तास लागले तरी लागू द्या.

नवव्या दिवशी झेडएफएस (फाइली साठवणारी यंत्रणा) एका डिस्कवर चेकसमच्या चुका दाखवू लागलं, म्हणजे साठवलेला डेटा बिघडत होता. एप्रिलातलं सोलापूर आणि पत्र्याखालची खोली! मला वाटलं, उन्हानं तापली असेल. टेबलफॅन लावून चार दिवस घालवले. तेवढ्यात दुसरीही गेली. मिरर, म्हणजे दोन डिस्कवर तीच नक्कल, हा बॅकअप नव्हे, तेही एकाच माणसाकडच्या दोन डिस्क असतील तर नव्हेच. बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. स्टिकर सोलला तर खाली दुसरा स्टिकर, सहा वर्षांपूर्वीचा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी ऑनलाइन करा, तिसऱ्या दिवशी ऑनलाइनची प्रिंट आणा. सीरियल नंबरचे दोन फोटो पुढे ठेवले, तर हवालदारानं विचारलं, "हार्ड डिस्क म्हणजे पेनड्राइव्हच ना?" जाहिरातवाल्यांचं उत्तर, आमचा व्यवहाराशी संबंध नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. मग संबंध कुणाचा? पैसे गेल्याचं कळताच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी पंधरा दिवस घालवले.

काल ती जाहिरात दुसऱ्या नावानं परत दिसली. फोटो तेच, डिस्कखालची हिरवी सतरंजीही तीच. भाव आता 5,600.