चढायचं एका गावातनं, उतरायचं दुसऱ्यात: साताऱ्याहून एसटीनं डोंगर

आधी गुण सांगते, मग बाकीचं. साताऱ्याच्या स्टँडवरनं लाल गाडीनं निघायचं, डोंगर चढायचा आणि गाडीनंच घरी यायचं, ह्या सगळ्या प्रकाराला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापलाय तो बुटांपायी. त्यात एसटीचा काही दोष नाही.

मी एकसष्ट वर्षांची. पोस्टाच्या बचत खिडकीवर तेहतीस वर्षं बसून काढली, त्यामुळं निवृत्त झाल्यावर आता बसायचं नाही एवढंच ठरवलं होतं. घरात मोटार आहे, पण ती मुलाची. त्याला सवड रविवारी, आणि रविवारी तो झोपतो. मग मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई (त्यांना घरात सगळेच अक्का म्हणतात) गेली दोन वर्षं आठवड्यातनं एकदा सकाळी डबा घेऊन स्टँड गाठतो. अक्का शहात्तरच्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत भाडं नाही आणि बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं. म्हणजे दोघींत मिळून अर्ध्या माणसाचं भाडं. अक्का आपलं आधार कार्ड चढायच्या आधीच हातात धरून ठेवतात, लग्नाच्या पत्रिकेसारखं. एकदा मास्तरांनी (म्हणजे कंडक्टरनं) त्यांच्याकडं बघून माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, "आजी, तुमचं पण पंचाहत्तर का?" मी म्हटलं, "एकसष्ट. अर्धं फाडा." बोगदा येईपर्यंत अक्का हसत होत्या.

मुलगा म्हणतो, "आई, सांग की, मी सोडतो." त्याला काय सांगायचं? मोटार म्हणजे खुंटा. जिथं लावली तिथंच परत यावं लागतं, दावं बांधलेल्या म्हशीगत. एसटीनं गेलं की चढायचं एका अंगानं, उतरायचं दुसऱ्या अंगानं, आणि खाली जे गाव लागेल तिथल्या थांब्यावर उभं राहायचं. हे मला सज्जनगडावर कळलं.

सज्जनगडाची गाडी साताऱ्याहून थेट गडाच्या पायऱ्यांपाशी नेऊन सोडते. उरलेल्या पायऱ्या अक्कांच्या चालीनं वीस-पंचवीस मिनिटांच्या. लोक जातात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात, त्याच गाडीतळावर परत येतात. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. खरी मजा मागच्या टोकाला, धाब्याच्या मारुतीपाशी आहे. तिथं वारा असा लागतो की पदर खोचूनच उभं राहायचं. खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं आणि पाण्याच्या कडेनं परळी. तिथंच एक गडी गुरं राखत होता. अक्कांनी सहज विचारलं, "खाली जायाला वाट हाय का रं?" तो म्हणाला, "हाय की, आजी. पूर्वी समदी त्याच पायऱ्यांनी यायची. आता गाड्या आल्या, कोण कशाला चढतंय."

त्या दिवशी आम्ही परळीच्या पायऱ्यांनी उतरलो. मोजायला सुरुवात केली होती. सातशेच्या पुढं कुठंतरी अक्कांनी विचारलं, "गॅस बंद केला होतास का?" आणि आकडा गेला. पायऱ्या जुन्या, दगडी, काही ठिकाणी उंच. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे चाळिशीखालच्यांना पटणार नाही. हातात काठी हवीच. पण ह्या वाटेवर गाड्यांचा एक हॉर्न ऐकू आला नाही, आणि परळीत उतरल्यावर जुनी महादेवाची देवळं बघायला मिळाली, त्यांतलं एक पार ढासळलेलं. गड १६७३ साली शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, पण त्या देवळांचा दगड त्याहून किती तरी म्हातारा. इतकी वर्षं साताऱ्यात राहून मी ती पाहिली नव्हती, कारण वरपर्यंत गाडी जात होती!

जेवणाचं सांगते, कारण अभिप्रायात लोक तेच आधी शोधतात. गडावर दुपारचा प्रसाद मिळतो. पंगतीत मांडी घालून बसावं लागतं. गव्हाची खीर असेल त्या दिवशी आमचा डबा तसाच घरी येतो.

आता फजिती. दुसऱ्यांदा गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. परळीच्या थांब्यावर दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो. तास गेला. शेवटी दुकानदार म्हणाला, "मावशी, ती शाळेच्या पोरांची गाडी. शाळा बंद, गाडी बंद." मागच्या खेपेला मास्तरांनी हेच सांगितलं होतं, मी कान दिला नव्हता. तेहतीस वर्षं लोकांना "पाटी वाचा, पाटी वाचा" म्हणत बसले, आणि स्वतः चौकशीच्या खिडकीवर साधं विचारलं नाही. दुधाच्या टेम्पोतनं आलो, किटल्यांच्या मधोमध अक्का. तेव्हापासून नियम केलाय: खेड्याच्या गाडीचं कोष्टक म्हणजे शाळेचं कोष्टक. सुट्ट्यांत आणि रविवारी जायचं झालं तर मोठ्या रस्त्यावरचाच डोंगर निवडायचा.

मोठ्या रस्त्यावरचा म्हणजे वर्धनगड. मला विचाराल तर एसटीनं जाणाऱ्यासाठी जिल्ह्यात ह्याच्याइतका सोयीचा गड नाही. सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगाव सोडलं की घाट लागतो, आणि घाट चढून संपतो तिथंच पायथ्याचं गाव. निम्मी चढण एसटीच चढून देते. कोरेगावच्या बाजूनं बघावं तर केवढा थोरला डोंगर, आणि गावातनं बघावं तर टेकाड. दहिवडी-पंढरपूरकडच्या गाड्या ह्याच रस्त्यानं जातात, पण चढतानाच मास्तरांना विचारायचं, "वर्धनगडला थांबणार का?" साधी गाडी थांबते, जलद गाडीचं त्यांनाच ठाऊक.

अक्का त्या दिवशी वर आल्या नाहीत. गावातल्या मारुतीच्या देवळात टेकल्या आणि म्हणाल्या, "जा तू, मी हाय हितं." मी एकटी गेले. सावकाश चालून अर्धा तासही लागला नाही. दरवाजा गोमुखी आहे, म्हणजे तटाला असा वळसा दिलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही. तटबंदी अजून चांगली उभी आहे आणि तिच्या कडेकडेनं गडाला पुरी फेरी मारता येते. माझा सल्ला आधी फेरी मारायचा, देवीचं देऊळ मग. पश्चिमेला कोरेगावचा हिरवा मुलूख, जरंडेश्वर, त्यापलीकडं चंदन-वंदनची जोडी. पाठ फिरवली की खटावचं उघडं माळरान. पाऊस कुठं थांबतो ते ह्या तटावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. १७०१ साली मोगलांनी हा गड घेतला आणि सादिकगड असं नाव ठेवलं. ते नाव आता गावात कुणाला विचारून बघा!

फेरी निम्मी झाली आणि उजव्या बुटाचा तळ सुटला. नुसता भेगाळला नाही, सुटलाच, पुढून जिभेसारखा लोंबायला लागला. बूट दोनच महिन्यांपूर्वी घेतलेले. दुकानाचं नाव घालत नाही. त्या पोरानं "डोंगरासाठी खास आहेत, मावशी, तीन वर्षं बघायला नको" असं सांगितलं होतं, आणि खरंच बघायला नको अशी वेळ आली. किंमत सांगितली तर अक्का हे वाचून पुन्हा बोलतील. पाय फरफटत खाली आले. पुसेगावच्या गाडीत चढताना मास्तरांनी पायाकडं बघितलं, काही बोलले नाहीत, पार्सलच्या पोत्याची सुतळी तोडून हातात दिली. "बांधा घट्ट." त्या सुतळीवर मी पुसेगावची बाजारपेठ फिरले, सेवागिरी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि घरापर्यंत आले. आता साध्या कॅनव्हासच्या बुटांनी जाते, आत जाड मोजे. झकास चालतं.

आणि अक्का? मी गडावर असेपर्यंत त्यांनी देवळाशेजारच्या घरात बसून घेवडा निवडून दिला होता, त्या घरातल्या सुनेचं माहेर शोधून काढलं होतं (आमच्या चुलत नणंदेच्या गावचं निघालं) आणि पदरात शेरभर घेवडा घेऊन तयार होत्या. पुढची गाडी कधीची, कोणती थांबते, कोणती नुसता हात हलवून पुढं जाते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मोबाइलवरचं वेळापत्रक बघायला मला घाट चढेपर्यंत नेटच मिळालं नव्हतं.

कास-बामणोलीचं थोडक्यात. गाडी यवतेश्वरचा घाट चढून पठारावरनंच जाते, खिडकी पकडली तर तिकिटाचे पैसे तिथंच फिटले. यवतेश्वरला चालत चढून परतीची गाडी धरणं हे माझं पावसाळ्यातलं आवडतं काम, सकाळच्या चहाला घरी. फुलांच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शनिवार-रविवारी तिकडं फिरकूच नका. पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून फुलांपेक्षा माणसं जास्त. मधल्या वारी जा. वासोटा किल्ल्याचं मात्र एसटीच्या भरवशावर एका दिवसात ठरवू नका. बामणोलीला उतरून शिवसागरातनं (कोयना धरणाच्या पाण्यातनं) बोट, ती अख्खीच ठरवावी लागते, वनखात्याची परवानगी, आणि उजेड असेपर्यंत खाली यायचं बंधन. दोन म्हाताऱ्यांना अख्खी बोट परवडत नाही. बामणोलीत मुक्काम करून जा, नाहीतर तोंडओळखीचे आठ-दहा जण जमवा.

माझं माहेर सांगलीकडचं, म्हणून दंडोबाचं विचारणारे बरेच भेटतात. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोशाजवळ उतरायचं आणि चालायला लागायचं. डोंगर लहान, झाडी चांगली, देव गुहेत. लहान पोरांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर तिथं न्या. पाणी घरनं न्या.

बरोबर काय ठेवायचं: सुट्टे पैसे, काठी, डबा, कापडी पिशवी (माळवं स्वस्त मिळतं), अक्कांचं आधार कार्ड. आणि सुतळी. आता माझ्या पिशवीत कायम एक गुंडी असते. मागच्या सोमवारी पाटेश्वरला निघालो तेव्हा देगावच्या गाडीत एका बाईची कोंबडीची पाटी सुटली, तिला निम्मी तोडून दिली.