जुन्या ऑटोमॅटिक गाडीतील एटीएफ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘डी’वर टाकल्यानंतर गिअर लागायला वेळ लागत असे आणि चढावर इंजिनाची रेस वाढली तरी गाडी त्या मानाने ओढत नसे, म्हणजे गिअर ‘स्लिप’ होत असे. गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. तो बाजूला ठेवून मी आधी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) आणि फिल्टर बदलून घेतला आणि तेव्हापासून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) नेमाने तपासत आलो आहे.

इंजिन ऑइल इंजिन बंद ठेवून पाहतात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये मात्र गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन आयडलवर (रेस न देता नुसते चालू) ठेवून, लिव्हर प्रत्येक गिअरवर क्षणभर थांबवत ‘पार्क’मध्ये आणल्यावरच एटीएफची पातळी पाहावी लागते, कारण पंप थांबला की ऑइल खाली उतरते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच, तर काहींत ‘न्यूट्रल’मध्ये पाहायचे असते, त्यामुळे या बाबतीत गाडीसोबतचे पुस्तकच प्रमाण मानावे. ऑइल तापल्यावर फुगते, म्हणून ‘हॉट’ची खूण साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसलाच खरी ठरते. डिपस्टिकच्या दोन्ही बाजूंना पातळी वेगळी दिसली, तर मी खालची धरतो; नळीच्या आतल्या भिंतीला लागलेले ऑइल दुसऱ्या बाजूला चिकटून आलेले असते.

पातळीपेक्षा रंग आणि वास अधिक सांगतात, असे माझे मत झाले आहे. माझे जुने ऑइल तपकिरी होते आणि त्याला जळका वास येत होता. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे) उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर मऊ राखाडी लेप होता, पण धातूचे तुकडे नव्हते, म्हणून पुढचा खर्च करणे मला पटले. एकदा निचरा केल्याने सगळे ऑइल निघत नाही; बरेचसे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. त्यामुळे नवे लाल ऑइल थोड्याच दिवसांत काळपट झाले आणि काही आठवड्यांनी पुन्हा निचरा करावा लागला. रंग दुधी गुलाबी असता, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळल्याचा संशय घेऊन मी गाडी जागेवरच थांबवली असती.

गिअर लागण्यातला उशीर आता जवळजवळ गेला आहे आणि चढावरचे स्लिप होणेही बरेच कमी झाले आहे. थंड गाडीत दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना बसणारा झटका मात्र तसाच आहे. त्याचे मूळ व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागात) किंवा झिजलेल्या क्लच प्लेटांत असावे, आणि झिजलेले अस्तर कोणत्याही बाटलीतून परत येत नाही.

स्लिप जाणवले की अंदाजाने ऑइल ओतण्याची सवय मला घातक वाटते. पातळी खुणेच्या वर गेली, तर फिरणाऱ्या भागांमुळे फेस होतो, दाब घटतो आणि ऑइल कमी असल्यासारखीच लक्षणे दिसू लागतात. मी लांब नळीच्या गाळणीने थोडे थोडे ओतून दर वेळी मोजतो. ऑइलचा प्रकार मात्र गाडीच्या पुस्तकात छापलेलाच घेतो. डेक्स्रॉन, मर्कॉन (हे एटीएफचे प्रकार) आणि सीव्हीटीचे (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्सचे) ऑइल एकमेकांच्या जागी चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

एटीएफ इंजिन ऑइलसारखे जळून संपत नाही. पातळी उतरली, तर गळती शोधावी. (फार जुन्या, व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या ओढीवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सचा अपवाद आहे: त्यातला पडदा फाटला की ऑइल इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.) माझ्या गाडीत पॅनचे पॅकिंग कोरडे आहे, कूलरच्या नळ्याही ठीक आहेत, डाव्या अ‍ॅक्सलच्या सीलपाशी मात्र लालसर ओल धरते. पातळी अजून दोन्ही खुणांच्या मध्ये आहे, त्यामुळे तो सील पुढच्या निचऱ्याबरोबरच बदलणार आहे.