जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा पार्ट: मॉडेल नंबर बघावा की माप घ्यावं?
जुन्या मशिनच्या बुडाशी बहुधा मॉडेलचं लेबल असतं. अक्षरं शाबूत असतील तर पिशवी किंवा नळीचं टोक त्यावरूनच शोधा. त्यांची खाच कंपनीगणिक वेगळी, नुसत्या मापाने भागत नाही.

मोटरच्या पार्टसाठी मात्र माझी सगळी भिस्त व्हर्निअरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीवर. बेअरिंगवर 608 कोरलेलं दिसलं, की आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिलिमीटर. कंपनी कुठलीही असो. कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा, झिजून आखूड होतो, म्हणून रुंदी आणि जाडीच धरा. मागची स्प्रिंग अजिबात फेकू नका! जालना-नांदेडकडच्या मोटर रिवायंडिंगवाल्याला मॉडेल नंबर सांगत बसण्यापेक्षा जुना कार्बनच त्याच्या हातावर ठेवा, तो डब्यातून जुळता काढून देईल.